महर्षी देवेंद्रनाथ आणि विश्वस्तलेख

महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर म्हटले की रवींद्रनाथांचे वडील, एवढेच आपल्यापैकी अनेकांना आठवते. त्यांच्या आयुष्यातला एक पेच आज आपल्यापुढे ठेवते, कारण तो कोणत्याही संस्थेत उभा राहू शकतो: मूळ नियमांचा अर्थ लावणे म्हणजे ते बदलणे का?

कोलकात्यात चितपूर रोडवरील ब्राह्मसमाजाच्या वास्तूसाठी १८३० च्या जानेवारीत विश्वस्तलेख झाला. राजा राममोहन राय त्यामागे होते. निराकार परमेश्वराची उपासना, मूर्ती नको, कोणाच्या दैवताची निंदा नको आणि दार सर्वांना भेदभावाविना उघडे, असे त्याचे सार. पण देवेंद्रनाथ तिथे आले तेव्हा वेदपठण वेगळ्या खोलीत, शूद्रांना ऐकू न येईल असे चाले. लेखाशी हे विसंगत आहे हे पाहून त्यांनी ते बंद केले. १८४३ मध्ये वीस जणांसह त्यांनी प्रतिज्ञापूर्वक दीक्षा घेतली. ही प्रतिज्ञा मात्र लेखात कुठेच नव्हती!

१८४८ मध्ये वडिलांची कार-टागोर कंपनी बुडाली. काही मालमत्ता द्वारकानाथांनी विश्वस्तलेख करून सावकारांपासून सुरक्षित ठेवली होती. देवेंद्रनाथांनी तीही सावकारांपुढे ठेवली. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. हे वाचून थक्क झाले. लेखाच्या आडोशाला न बसणारा हा माणूस होता.

पुढे केशवचंद्र सेन आले. महर्षींनी त्यांना पुत्रवत् प्रेम दिले, १८६२ मध्ये आचार्य केले. केशवचंद्रांचे म्हणणे होते की भेदभाव नसलेल्या वेदीवर जानवे घातलेला उपाचार्य बसू नये. महर्षींनी ते मानलेही. मात्र ऑक्टोबर १८६४ च्या चक्रीवादळात वास्तूचे नुकसान झाले, उपासना महर्षींच्या घरी होऊ लागली आणि तिथे जुने जानवेधारी पुन्हा वेदीवर बसले. तरुण दुखावले. त्यांनी त्याच वास्तूत उपासनेसाठी वेगळा दिवस मागितला. तोही मिळाला नाही. विश्वस्त या नात्याने महर्षींनी कारभार हाती घेतला.

जानव्याविषयी लेखात अक्षरही नव्हते. तरुणांना वाटे, आपण लेखाचाच अर्थ पूर्ण करतो आहोत. महर्षींना वाटे, ही नवी अट आहे. मला वाटते, वेगळ्या खोलीतले पठण ज्या न्यायाने थांबले, तोच न्याय तरुण मागत होते.

११ नोव्हेंबर १८६६ रोजी त्यांनी भारतवर्षीय ब्राह्मसमाज स्थापला. जुना समाज आदि ब्राह्मसमाज म्हणून ओळखला जाऊ लागला. महर्षींनी स्वतःचे जानवे त्याआधीच उतरवले होते. तरी १८७३ मध्ये त्यांनी लहानग्या रवींद्राची मुंज केली, मूर्तिपूजा वगळून.