हुतात्मा वासुदेव हरी चापेकर

न्यायालयीन दप्तर हे चरित्रलेखनाचे महत्त्वाचे साधन आहे. ते कसे वाचावे, हे आपण वासुदेव हरी चापेकर यांच्या आयुष्याच्या आधारे पाहू.

निगडीपासून जवळच असलेल्या चिंचवडगावातील हे घराणे. वडील हरिपंत कीर्तनकार. दामोदर (१८६९), बाळकृष्ण (१८७३) आणि वासुदेव (१८८०) हे तिघेही त्यांना कीर्तनात साथ करीत. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला. घरझडत्यांच्या जाचाने लोक संतापले. त्या वर्षी २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर दामोदर व बाळकृष्ण यांनी रँड व आयर्स्ट या अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. १८ एप्रिल १८९८ रोजी दामोदरांना फाशी झाली. दामोदरांची माहिती पोलिसांना देणाऱ्या द्रविड बंधूंना ८ फेब्रुवारी १८९९ रोजी वासुदेव व महादेव विनायक रानडे यांनी ठार केले. खंडो विष्णू साठे हा शाळकरी मुलगाही त्यांच्यासोबत पकडला गेला.

येथे वयाचा प्रश्न उभा राहतो. १८६० च्या दंडसंहितेनुसार सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हा ठरत नसे. सात ते बारा वर्षांच्या मुलाची समज पाहिली जाई. १८९७ च्या सुधारशाळा कायद्याची सवलत पंधरा वर्षांखालील मुलांपुरती होती. अल्पवयीन साठ्याला दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. वासुदेव मात्र कायद्याच्या दृष्टीने पूर्ण प्रौढ होते. ८ मे १८९९ रोजी येरवड्यात त्यांना फाशी देण्यात आली. १० मे रोजी रानडे आणि १२ मे रोजी बाळकृष्ण फासावर गेले. वासुदेवांचे वय तेव्हा एकोणिसाच्या आसपास होते. मुलांसाठी स्वतंत्र असा मुंबई बालक अधिनियम यायला १९२४ साल उजाडले.

मॅजिस्ट्रेटपुढील जबानीच्या आरंभी नाव, वडिलांचे नाव, जात, धंदा, वय आणि राहण्याचे ठिकाण ठरावीक क्रमाने लिहिले जाई. जन्माचा दाखला क्वचितच हाती असल्याने वय बहुधा अंदाजाने नोंदवीत. मात्र मूल कोण आणि प्रौढ कोण, याचा निवाडा त्याच आकड्यावर अवलंबून असे. म्हणून अशी नोंद वाचताना वय कोणी सांगितले आणि कोणी लिहिले, हे आधी विचारा. दप्तराची भाषा तटस्थ भासते. तिचे परिणाम तटस्थ नसतात.

स्वयंअध्ययन प्रश्न : वासुदेव चापेकर यांच्या चरित्राच्या आधारे न्यायालयीन दप्तराचे साधन म्हणून महत्त्व व मर्यादा स्पष्ट करा.