भाऊसाहेबांच्या पश्चात मगो

मराठीची लढाई म्हटली की आपल्याला बेळगाव आठवते. पण घाटाखाली गोव्यातही हा प्रश्न मतपेटीतून लढला गेला. त्या लढ्याचे पुढारी म्हणजे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर. सारा गोवा त्यांना भाऊसाहेब म्हणे.

१२ मार्च १९११ रोजी पेडण्यात जन्मलेले भाऊसाहेब खाण व्यवसायातून पुढे आले. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि १९६३ च्या पहिल्याच निवडणुकीत त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजेच मगो, सत्तेवर आला. बहुजन समाज आणि कुळे त्यांच्या पाठीशी उभी राहिली. १९६४ मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. खेडोपाडी मराठी शाळा निघाल्या.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात मात्र महाराष्ट्रातील विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरले. पण दोनच महिन्यांनी त्याच गोव्याने भाऊसाहेबांना पुन्हा निवडून दिले. विलीनीकरण नको, पण भाऊसाहेब हवेत, असाच तो निकाल होता. पक्ष माणसावर उभा होता, हे तेव्हाच दिसले. १९७० मध्ये स्वपक्षाचेच आमदार उलटले, तेव्हाही ते त्यातून तरले.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रीपदावर असतानाच ते गेले. कन्या शशिकलाताई काकोडकर यांनी धुरा घेतली व १९७७ ची निवडणूक जिंकली. तोवर विरोधातील युनायटेड गोवन्सची माणसे काँग्रेस आणि जनता पक्षात विखुरली होती. समोरचा शत्रू पांगला, तशी मगोची एकीही सैलावली. १९७९ मध्ये आपल्याच आमदारांनी साथ सोडली, सरकार पडले आणि राष्ट्रपती राजवट आली. सोळा वर्षांची सत्ता संपली.

१९८० च्या निवडणुकीत ३० पैकी अवघ्या ७ जागा मिळाल्या. त्यातलेही बहुतेक आमदार, खुद्द शशिकलाताईंसह, काँग्रेसमध्ये गेले. ताई पुढे स्वगृही परतल्या खऱ्या, पण तोवर पुष्कळ पाणी वाहून गेले होते. १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला तेव्हा सत्ता काँग्रेसच्या हाती होती. राजभाषेचा मान कोकणीला मिळाला आणि मराठीच्या वाट्याला केवळ वापराची तरतूद आली.

१९९४ मध्ये मगोने भाजपशी युती केली. तेव्हा मगोच्या १२ आणि भाजपच्या ४ जागा आल्या. १९९९ मध्ये भाजप १० वर गेला, मगो ४ वर आला. भाऊसाहेबांचा मतदार हळूहळू दुसऱ्या दारी गेला. २०२२ मध्ये मगोच्या हाती दोनच जागा राहिल्या.

हे दुखणे आपल्याला परके नाही. २०१८ आणि २०२३ मध्ये सीमाभागातून एकीकरण समितीचा एकही आमदार विधानसभेत गेला नाही. भाऊसाहेबांनी काढलेल्या शाळांतून गोव्याच्या पिढ्या शिकल्या, पण पक्ष सांभाळणारी दुसरी फळी तयार झाली नाही. आपल्या गावात ती आहे का, हे ज्याने त्याने पाहावे.