आरसा पुसणारे कण

रेणू तापवला की फुटतो, हे रसायनशास्त्रज्ञांना ठाऊक होते. पण मिथाइलसारखा एखादा तुकडा क्षणभर तरी सुटा राहतो का? बहुतेकांना ते अशक्य वाटे. हा संशय फेडला फ्रिडरिश पानेट यांनी.

त्यांचा जन्म १८८७ साली व्हिएन्नात झाला. वडील नामांकित शरीरशास्त्रज्ञ. आतड्यातील काही पेशी त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. मुलगा लहान असतानाच ते वारले. मुलाने वाट धरली ती रसायनशास्त्राची.

१९२९ साली बर्लिनमध्ये होफेडिट्स या सहकाऱ्यासह पानेट यांनी काचेच्या नळीतून, अगदी कमी दाबाखाली, हायड्रोजनच्या वेगवान झोताबरोबर टेट्रामिथाइल लेड या शिशाच्या संयुगाची वाफ सोडली. नळी एका जागी तापवली. रेणू फुटले आणि काचेवर शिशाचा चकचकीत आरसा धरला. मग ज्योत मागे, वाफ येते त्या बाजूला सरकवली. तेथे नवा आरसा उमटला आणि पुढचा जुना, थंड आरसा हळूहळू नाहीसा झाला! न तापवलेल्या वाफेने तो जात नव्हता. म्हणजे त्याला पुसत होते सुटे मिथाइल कण. ज्योत आणि आरसा यांतले अंतर बदलून कणांचे आयुष्यही मोजता आले: सेकंदाचे काही सहस्रांश!

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, तेव्हा ज्यू वंशाचे पानेट इंग्लंडमध्ये होते. ते परतले नाहीत. लंडन आणि डरहॅम येथे त्यांनी नव्याने संसार मांडला. १९५३ साली माइन्झच्या संशोधन संस्थेचे संचालक म्हणून ते पुन्हा जर्मनीत गेले. १९५८ साली त्यांचे निधन झाले.

तापल्या नळीतून झोत सोडून तुकडे टिपण्याची रीत प्रयोगशाळांत आजही चालते. आरशाची जागा तेवढी सूक्ष्म उपकरणांनी घेतली आहे.