सापाचे पाय कुठे गेले?

शाळेत जिराफाच्या मानेचा धडा शिकताना लॅमार्क भेटतात आणि ते चुकले, एवढेच आपल्या लक्षात राहते.

१७४४ मध्ये उत्तर फ्रान्समधील एका खालावलेल्या सरदार घराण्यात जन्मलेले लॅमार्क हे अकरावे अपत्य. ऐन तारुण्यात ते सैन्यात गेले, पण मानेच्या दुखण्यामुळे तिथून बाहेर पडले. पुढे काही काळ वैद्यकाचा अभ्यास केला, मात्र मन रमले ते वनस्पतींत. १७९३ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात त्यांना कीटक आणि कृमी हा दुर्लक्षित विषय मिळाला. त्यातूनच त्यांनी अपृष्ठवंशी प्राण्यांच्या अभ्यासाचा पाया घातला.

१८०९ च्या ग्रंथात त्यांनी सापांचाही विचार केला. गवतात लपत, अरुंद जागेतून सरपटत राहिल्याने शरीर लांबले आणि न वापरलेले पाय नाहीसे झाले, असे त्यांचे म्हणणे. उतारवयात ते आंधळे झाले. मुलींनी त्यांना सांभाळले. १८२९ मध्ये ते गेले, तेव्हा थडग्याची जागाही ठरावीक मुदतीचीच होती. त्यांच्या अस्थी आज सापडत नाहीत.

अधिवासानुसार शरीर बदलते, हे त्यांचे म्हणणे खरे ठरले. माती-वाळूत शिरून राहणाऱ्या सरड्यांच्या अनेक कुळांत पाय स्वतंत्रपणे आखूड झाले किंवा गेले. आपल्या बागेतल्या सापसुरळीचे लहान पाय पाहा. अजगराला तर मागच्या पायांचे अवशेष अजून आहेत. चूक होती ती कारणात. पाय न वापरल्याने पिल्लांचे पाय आखूड होत नाहीत. जन्मतः आखूड पायांची पिल्ले अरुंद जागेत अधिक तगली, त्यांचीच वीण वाढली आणि हे लाखो वर्षे चालले.

पाय घडवणाऱ्या जनुकाला चालू करणारा डीएनएचा एक तुकडा सापांमध्ये बिघडलेला आहे. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी सापाचा हा तुकडा उंदरांत बसवला, तेव्हा त्यांचे पाय खुरटले. हाच तुकडा माणसातही असतो. त्यातील बारीकशा बदलामुळे काही बाळांना जादा अंगठा येतो.

अशा बाळाच्या आईला आजही विचारले जाते, ग्रहणात भाजी चिरलीस का? आईबापांनी केलेले मुलाच्या अंगावर उमटते, ही समजूत लॅमार्क यांच्याबरोबर संपली नाही. त्या आईने काहीही चुकीचे केलेले नसते. तिला दोष देऊ नका, बाळाला डॉक्टरांना दाखवा. जादा बोट शस्त्रक्रियेने काढता येते.