गोल राखणारे रिचर्ड

मैत्रिणींनो, हॉकी म्हटलं की ध्यानचंद आठवतात. पण त्यांच्या संघाचा गोल राखणारे रिचर्ड अ‍ॅलन नागपुरात जन्मले, हे किती जणींना माहीत आहे? नंदुरबारहून लांब खरं, पण आपल्या महाराष्ट्रातलंच ना!

अँग्लो-इंडियन घरातला हा मुलगा, जन्म १९०२ चा. १९२८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला भारत पहिल्यांदाच ऑलिंपिक हॉकीत उतरला. पाच सामन्यांत आपण २९ गोल केले आणि रिचर्ड यांनी एकही होऊ दिला नाही! तेव्हा गोलकीपरच्या पायांना पॅड असायचे, तोंड-डोकं मात्र उघडंच. टणक चेंडू सुसाट यायचा. बघणाऱ्याच्याच पोटात गोळा यावा.

१९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकेला २४-१ ने हरवलं. तो एक गोल झाला तेव्हा स्वारी म्हणे गोल सोडून चाहत्यांना सह्या देत होती! हा किस्सा सगळे हसून सांगतात. मला तो त्यांच्यावर अन्यायच वाटतो. १९३६ ला बर्लिनच्या अंतिम सामन्यात जर्मनीने केलेला गोल धरूनही तीन ऑलिंपिकमध्ये त्यांच्यावर झाले फक्त दोन गोल! नावावर तीन सुवर्णपदकं. १९६९ मध्ये ते गेले. सांगायला उरला तो सह्यांचा किस्सा.