तटस्थ राजाच्या दारात

खोबरहून कॉजवेवर गाडी घातली की थोड्याच वेळात बहरीन. हा पूल १९८६ सालचा. त्याच्या ४६ वर्षं आधी, १९ ऑक्टोबर १९४० च्या पहाटे, याच पाण्यावर इटलीची बॉम्बर विमानं घिरट्या घालत होती. भूमध्य समुद्रातल्या ऱ्होड्स बेटावरून चार विमानं रात्रभर उडत आली होती. बहरीन तेव्हा ब्रिटिशांच्या छत्राखाली होतं, आणि तिथली रिफायनरी हे त्यांचं लक्ष्य होतं. पण अंधारात चुकामूक झाली आणि काही बॉम्ब पडले ते आपल्या धाहरानवर! नुकसान किरकोळ झालं, कोणी दगावलं नाही. विमानं तशीच पुढे इरिट्रियात जाऊन उतरली.

प्रश्न मात्र मोठा होता. सौदी अरेबिया या युद्धात नव्हताच. दुसऱ्यांच्या भांडणातला बॉम्ब आपल्या अंगणात पडला तर करायचं काय?

हे ठरवणारा माणूस म्हणजे किंग अब्दुलअझीझ. जेद्दाहच्या विमानतळाला आणि विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, पाचशेच्या नोटेवर त्यांचा चेहरा आहे. तरी इथे वर्षानुवर्षं राहून आपल्याला त्यांच्याविषयी तसं कमीच ठाऊक असतं.

त्यांचा जन्म रियाधचा, १८७५ ते १८८० च्या दरम्यानचा. नेमक्या सालाबद्दल एकमत नाही. १८९१ मध्ये घराण्याचं राज्य गेलं आणि लहानग्या अब्दुलअझीझला घरच्यांबरोबर परागंदा व्हावं लागलं. पुढची वर्षं कुवेतमध्ये, दुसऱ्याच्या आश्रयाने, ओढाताणीत गेली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. जानेवारी १९०२ मध्ये चाळीसेक सोबती घेऊन ते रात्री रियाधमध्ये शिरले आणि पहाटे मस्मक किल्ला घेतला. तोरणा आणि सिंहगडाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्याला यातला थरार वेगळा समजावून सांगायला नको.

नंतरची तीस वर्षं लढायांची. १९१३ मध्ये तुर्कांकडून अल-हसा घेतलं, १९२४ मध्ये मक्का, १९२५ अखेर जेद्दाह. रक्त भरपूर सांडलं. ज्या इख्वान योद्ध्यांच्या बळावर राज्य वाढवलं, त्यांच्यातल्याच बंडखोरांशी १९२९ मध्ये सबिल्लाला लढावं लागलं. २३ सप्टेंबर १९३२ ला सौदी अरेबियाचं राज्य जाहीर झालं.

राज्य झालं, पण तिजोरी रिकामी! उत्पन्न मुख्यतः हज यात्रेकरूंचं, आणि जागतिक मंदीत तेही आटलेलं. म्हणून १९३३ मध्ये अमेरिकन कंपनीला तेल शोधायची परवानगी दिली. त्याबदल्यात आलेली ३५,००० सोन्याची नाणी जेद्दाहला एकेक करून मोजून घेतली गेली. करारावर राजाच्या वतीने सही करणारे अर्थमंत्री अब्दुल्ला सुलेमान तरुणपणी आपल्या मुंबईत नोकरी करून गेलेले, बरं का! मार्च १९३८ मध्ये दम्मामच्या सात नंबरच्या विहिरीला भरपूर तेल लागलं. १ मे १९३९ ला रास तनुराहून पहिलं तेलाचं जहाज निघालं तेव्हा राजे स्वतः हजर होते. आता बरे दिवस येणार म्हणेपर्यंत चारच महिन्यांत युद्ध पेटलं.

तटस्थ राहायचं म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते रोजचं काम होतं. चहूबाजूंना इंग्रजांचं बळ, आणि तेल काढणारे अमेरिकन. जून १९३९ मध्ये राजांचा दूत शस्त्रं मागायला थेट हिटलरला भेटून आला होता, आणि युद्धकाळात पैसा मात्र इंग्रजांकडून येत होता. याला कोणी दुटप्पीपणा म्हणेल. पण ज्याच्याकडे ना विमानदळ ना धान्याची कोठारं, त्याला सगळ्यांशी बोलणं चालू ठेवावंच लागतं. त्यांचे इंग्रज मित्र फिल्बी मात्र उघडपणे युद्धाविरुद्ध बोलत. १९४० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेला जायला म्हणून ते मुंबईला पोचले, तर त्यांच्याच सरकारने त्यांना तिथे अटक करून इंग्लंडला नेलं आणि स्थानबद्ध केलं. राजे स्वतः तसं बोलले नाहीत. धाहरानवर बॉम्ब पडल्यावरही त्यांनी युद्धात उडी घेतली नाही. कंपनीने अमेरिकन बायकामुलं परत पाठवली, काम आवरतं घेतलं, शंभरेक अमेरिकन मागे राहिले.

खरी परीक्षा पुढे होती, आणि तिचा एक धागा आपल्या मराठी माणसापर्यंत येतो. मार्च १९४१ मध्ये इरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर इटलीविरुद्ध घनघोर लढाई झाली. त्यात पाचव्या भारतीय डिव्हिजनबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटणही होती. २७ मार्चला केरेन पडलं आणि मसावा बंदरातलं इटलीचं आरमार कोंडीत सापडलं. बंदर शत्रूच्या हाती पडण्याआधी एप्रिलच्या सुरुवातीला तिथल्या विनाशिका पोर्ट सुदानवर शेवटचा हल्ला करायला निघाल्या. दोन इंग्रजांच्या विमानांनी बुडवल्या. पँथेरा आणि टिग्रे या दोघी लाल समुद्र ओलांडून जेद्दाहच्या दक्षिणेला आल्या आणि खलाशांनी जहाजं सोडून किनारा गाठला. म्हणजे आपल्या सातारा-कोल्हापूरकडच्या जवानांनी तिकडे डोंगर चढला, आणि इकडे शेकडो इटालियन अब्दुलअझीझच्या दारात येऊन उभे राहिले!

आंतरराष्ट्रीय कायदा असा, की लढणाऱ्या देशाचे सैनिक तटस्थ भूमीवर आले तर त्यांना निःशस्त्र करून ठेवून घ्यायचं. सोडायचं नाही, कारण ते परत लढतील. शत्रूच्या हवाली करायचं नाही, कारण मग तटस्थता संपली. थोडक्यात, न कैदी, न पाहुणे. कागदावर हे सोपं आहे. पण स्वतःच्या प्रजेलाच धान्य पुरत नसताना सुमारे आठशे परक्या तोंडांना रोज पोसायचं, तेही इंग्रजांकडून मदत घेत असताना! राजांनी त्यांना जेद्दाहजवळ ठेवून घेतलं. १९४३ मध्ये तुर्कस्तानात ब्रिटिश युद्धकैद्यांशी अदलाबदल होऊन त्यांची सुटका झाली.

दरम्यान देश अक्षरशः उपासमारीच्या काठावर होता. यात्रेकरू घटलेले, तेलाचं काम थंडावलेलं, धान्य आणायला जहाजं मिळेनात. शेवटी १८ फेब्रुवारी १९४३ ला रुझवेल्टनी सौदी अरेबियाला लेंड-लीजची मदत मंजूर केली. दोन वर्षांनी, १४ फेब्रुवारी १९४५ ला, सुवेझ कालव्याच्या ग्रेट बिटर लेकमध्ये क्विन्सी या युद्धनौकेवर दोघे भेटले. राजे जेद्दाहहून अमेरिकन युद्धनौकेवरूनच गेले, डेकवर तंबू ठोकून आणि सोबत जिवंत मेंढ्या घेऊन! रुझवेल्टनी त्यांना आपल्यासारखी चाकाची खुर्ची भेट दिली आणि एक डीसी-३ विमानही देऊ केलं. सौदी एअरलाइन्सची सुरुवात त्या विमानापासून झाली. मार्च १९४५ मध्ये, युद्ध संपत आल्यावर, सौदी अरेबियाने जर्मनी-जपानविरुद्ध युद्ध पुकारलं.

एक प्रसंग राहिला. इराकच्या रशीद अलीने १९४१ मध्ये इंग्रजांविरुद्ध बंड केलं, तेव्हा अब्दुलअझीझनी त्याला मदत नाकारली होती. बंड फसलं, रशीद अली जर्मनीत गेला, आणि जर्मनी हरल्यावर १९४५ मध्ये वेष पालटून थेट रियाधला आला. आश्रय मागितला. इराकच्या राजघराण्याला तो फाशीसाठी हवा होता, इंग्रजांचाही दबाव होता. राजांनी त्याला दिलं नाही. बंडाला मदत करणं वेगळं आणि दारात आलेल्याला हाकलणं वेगळं, हा फरक त्यांना पक्का कळत होता. लहानपणी कुवेतमध्ये परक्याच्या दारात ते स्वतः उभे राहिलेलेच होते.

९ नोव्हेंबर १९५३ ला ताइफमध्ये त्यांचं निधन झालं. रियाधच्या अल-ऊद कबरस्तानात त्यांना पुरलं आहे, इथल्या रीतीप्रमाणे कबरीवर नाव नाही. त्यामुळे त्यांची आठवण बघायची तर मस्मकलाच जावं. मोठ्या दरवाजाच्या लाकडात त्या पहाटेच्या भाल्याचं टोक अजून रुतलेलं दाखवतात. मुलांना जरूर न्या. आणि तिथून निघताना त्यांना युद्धातली ही दुसरी गोष्टही सांगा, कारण ती दाखवायला कुठला किल्ला नाही.