थायरॉइड पूर्ण काढावी का? डॉ. थिओडोर कोखर यांचा धडा

तुमच्या घरातल्या कुणाच्या गळ्याच्या मध्यभागी एक गाठ होती. जीभ बाहेर काढली की ती वर सरकायची. ऑपरेशन झाले, गाठ तपासणीला गेली आणि रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला. आता थायरॉइडही काढावी लागेल का, हा प्रश्न समोर आहे. याच ग्रंथीबाबत एका सर्जनने स्वतःची चूक जगासमोर मांडली होती. त्यांची गोष्ट तुमच्या कामाची आहे.

बर्नचे सर्जन

थिओडोर कोखर यांचा जन्म 1841 मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न शहरात झाला. तिथल्या डोंगराळ भागात आयोडीनच्या कमतरतेमुळे गलगंडाचे रुग्ण पुष्कळ असत. 1872 मध्ये ते बर्न विद्यापीठात शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले. त्या काळी थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाने अनेक रुग्ण दगावत. कोखर यांनी लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत स्वीकारली, एकेक रक्तवाहिनी बांधत सावकाश काम केले आणि मृत्यूचे प्रमाण पुढे 1 टक्क्याच्याही खाली आणले.

यशामागची चूक

1874 मध्ये त्यांनी 11 वर्षांच्या एका मुलीची थायरॉइड पूर्ण काढली. जखम छान भरली, पण मुलीची वाढ खुंटली आणि ती मंद झाली. काही वर्षांनी तिची धाकटी बहीण तिच्यापेक्षा उंच दिसू लागली. जिनिव्हाचे डॉ. रेव्हर्डिन यांनाही असेच रुग्ण आढळले होते. कोखर यांनी मग जुन्या रुग्णांना परत बोलावले. पूर्ण ग्रंथी काढलेल्यांपैकी 18 जण तपासले गेले, त्यांतल्या 16 जणांना सूज, थकवा, थंडी सहन न होणे असा त्रास होता. 1883 मध्ये बर्लिनच्या परिषदेत त्यांनी हे सर्व उघडपणे सांगितले. यापुढे साध्या गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढणार नाही, असे त्यांनी ठरवले.

थायरॉइड शरीरासाठी आवश्यक आहे, हे या निरीक्षणांतून पक्के झाले. 1891 मध्ये इंग्लंडच्या डॉ. मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडच्या अर्काने रुग्ण बरा करून दाखवला. कोखर यांना 1909 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. 1917 मध्ये त्यांचे निधन झाले. आजही ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांच्या नावाचा चिमटा वापरतात.

तुमच्या रुग्णासाठी याचा अर्थ

गर्भात थायरॉइड जिभेच्या मुळाशी तयार होऊन गळ्यात खाली उतरते. तिच्या वाटेची नळी पुसली गेली नाही, तर तिथे गाठ होते. अशा सुमारे 100 गाठींपैकी एखादीतच कॅन्सर सापडतो आणि तो बहुधा पॅपिलरी प्रकारचा, चांगला बरा होणारा असतो.

सिस्ट्रंक यांनी 1920 मध्ये सांगितलेल्या ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर हायॉइड हाडाचा मधला भाग आणि जिभेच्या मुळापर्यंतची नळी काढतात. कॅन्सर लहान असेल, गाठीबाहेर पसरलेला नसेल आणि सोनोग्राफीत थायरॉइड व मानेतल्या लसिका ग्रंथी ठीक असतील, तर अनेकदा एवढे पुरते. थायरॉइडमध्ये गाठ असेल किंवा कॅन्सर पसरला असेल, तर मात्र ती काढण्याचा विचार होतो.

गाठीच्या ऑपरेशनआधी थायरॉइड जागेवर आहे ना, हेही सोनोग्राफीत पाहतात. क्वचित शरीरातली सगळी थायरॉइड त्या गाठीतच असते. ती नकळत निघाली, तर कोखर यांच्या रुग्णांसारखी अवस्था होऊ शकते.

थायरॉइड काढावी लागली तरी घाबरू नका. त्या मुलीच्या वेळी औषध नव्हते, आज थायरॉक्सिनची गोळी आहे. ती रोज सकाळी उपाशीपोटी, आयुष्यभर घ्यायची आणि डोस रक्ततपासणीनुसार ठरवायचा.

तुम्ही केदारखेड्याहून जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला तपासणीसाठी येत असाल, तर रिपोर्ट आणि सोनोग्राफी सोबत ठेवा. कॅन्सर केवढा होता, कडेपर्यंत होता का, हे विचारा. बरे वाटले म्हणून पुढची तारीख चुकवू नका. कोखर यांनाही खरी गोष्ट कळली, ती रुग्ण परत आले तेव्हाच.